कपाटाखालचं धूलिकर्म

मी एक जुना शब्द आहे. माझं नाव धूलिकर्म. अर्थ, गणिताची विद्या.

मित्रांनो, कागद नव्हता तेव्हा लोक फळीवर धूळ पसरून बोटानं आकडे मांडायचे आणि चुकले की पुसायचे. धुळीतलं काम, म्हणून मी धूलिकर्म. ग्रहताऱ्यांचं गणित करणारे पंडितही मला मानायचे. आता मी एका जाड शब्दकोशात राहतो, आणि तो शब्दकोश परवापरवापर्यंत जैनथकडच्या एका शाळेत कपाटाच्या आखूड पायाखाली होता. तब्बल अकरा वर्षं. कपाटातल्या हजेरीपटांतली सगळी शाळा माझ्या डोक्यावर हजर असायची. माझी हजेरी कुणी घेत नव्हतं.

मागच्या आठवड्यात शाळेत स्वयंपाकीण निवडायची होती. पंचफुलाबाई आली. कापूस वेचून तिचे गुडघे गेलेत. तिला हे काम हवंच होतं. शाळा समितीचे अध्यक्ष चंपतराव म्हणाले, "सत्त्याऐंशी लेकरं, एकाला दीडशे ग्राम तांदूळ. एकूण किती?"

बाई उंबऱ्याशी बसली. तळहातानं धूळ सारखी केली, बोट फिरवलं, पुसलं, पुन्हा फिरवलं. मी जमिनीलगतच होतो, सगळं पाहिलं. अंगावर काटा आला.

"तेरा किलो, वर पन्नास ग्राम."

"मातीत काऊन खेळून राह्यल्या? कागदावर करा."

"कागदावर चुकलं का तसंच राहते, भाऊ. धुळीत पुसता येते."

चंपतरावांनी मोबाइलवर हिशेब केला. "तेराशे पाच किलो. चुकलं तुमचं." आणि अर्जावर लिहिलं, 'गणित येत नाही'. वर उंबरा झाडून घ्यायला सांगितलं. झाडून! माझा जन्मच झाडून टाकायला निघाले.

"म्हणजे एका लेकराला पंधरा किलो," बाई शांतपणे म्हणाली. "मंग पंगतीत हत्ती बसवा लागन."

मैत्रीबाई तिथल्या शिक्षिका. त्या हसल्या नाहीत. "बाईंचं बरोबर आहे. आणि ह्या रीतीला नाव आहे." त्यांनी वाकून शब्दकोश ओढला. कपाट झुकलं. चंपतरावांनी दोन्ही हातांनी ते धरलं आणि मैत्रीबाईंनी माझा अर्थ सावकाश, दोनदा वाचला.

"मॅडम, लवकर वाचा," चंपतराव कण्हले. मी अकरा वर्षं पेललं होतं. त्यांना दोन ओळी जड झाल्या.

पंचफुलाबाईनं अंगणातून एक चपटा दगड आणून माझ्या जागी कपाटाच्या पायाखाली सरकवला. नेमका बसला. चंपतरावांनी हात झटकले आणि अर्जावरचं 'नाही' खोडलं. सोमवारपासून भात तीच शिजवते.

मित्रांनो, कपाटाचा पाय आखूड असेल तर दगड शोधा. आणि कुणी धुळीत बोट फिरवत असेल, तर झाडू आणण्याआधी जरा वाकून बघा.