मास्तरांचं संत्रं

दुपारच्या जेवणासोबत एक संत्रं चालेल, असं डॉक्टर म्हणाले आणि शिंपीमास्तरांना आकाश ठेंगणं झालं. रस नाही, अख्खं फळ खायचं, एवढीच अट. मास्तर ते स्वतःच सोलत. आयुष्यभर टाके उसवलेला माणूस तो, फोडीवरची शीर न् शीर चिमटीनं उपसायचा. पाव तास जायचा त्यात. मग ताटाला हात लावण्याआधी बोटाला सुई टोचून साखर बघायची, तीही स्वतःच. सुईचं खातं आमच्याकडे, म्हणायचे.

संत्रं सुरू झालं आणि साखर तीनशेपार गेली. मास्तरीणबाई धास्तावल्या. थोरल्या दिरांचा पाय याच दुखण्यात कापावा लागला होता. तीनशेच्या वर दिसली तर इन्सुलिन थोडं वाढवा, असं डॉक्टरांच्या चिठ्ठीत होतं. बाईंनी तीन दिवस वाढवलं. तरी जेवणानंतर मास्तर घामाघूम व्हायचे, हात थरथरायचे. तिसऱ्या दिवशी तर एका गिऱ्हाइकाची बाही उलटीच कापून बसले. बाईंनी त्यांना नाही नाही ते ऐकवलं. जिभेचे चोचले तुमचे आणि जिवाला घोर माझ्या, इथवर.

चौथ्या दिवशी तीनशे अठरा. बाईंनी इंजेक्शन भरलं, मास्तरांचा हात बाजूला करायला धरला, तर बोटं चिकट लागली. संत्र्याचा रस होता तो, आणि टोचलेलं बोट त्यातलंच.

"हात धुऊन या," त्या म्हणाल्या.

मास्तर कुरकुरले, पण बाईंचा चेहरा बघून उठले. साबणानं धुतले, कोरडे केले, दुसरं बोट टोचलं. एकशे बारा.

बाई भरलेल्या इंजेक्शनकडे बघत राहिल्या. तीन दिवस साखर चढलीच नव्हती; त्याच ती खाली ओढत होत्या, घाम आणि थरथर त्याचीच. डॉक्टरांना फोन लावला, तर तेही तेच म्हणाले; थोडक्यात निभावलं म्हणाले. बाईंनी भरलेलं इंजेक्शन मोरीत रिकामं केलं.

"म्हणजे संत्रं बंद?" मास्तरांनी विचारलं.

बाईंनी कशीबशी नकारार्थी मान हलवली. तेव्हा कुठे मास्तरांचा जीव भांड्यात पडला, आणि ते हळूच म्हणाले, "काल मशीनवर डोळ्यांपुढे अंधार आला होता. मी कुठे आहे तेच कळेना. सांगितलं असतं, तर तू संत्रं बंद केलं असतंस."