कोंभ्याचा पाय

कोंभ्या खरा नाही, हे आधीच सांगते. तो एका मोबाईल गेममधला प्राणी आहे. बेडकाएवढा, गुलाबी, मानेला झालरी. शत्रूने पाय तोडला की तो डोळे मिटतो, तीन सेकंद थांबतो आणि त्याला नवा पाय फुटतो. पुण्यातल्या एका चॅनेलसाठी मी अशा प्राण्यांमागचं खरं विज्ञान लिहून देते. कॅमेऱ्यासमोर बोलणारी मुलगी वेगळी आहे, तिचे दात चांगले आहेत.

कोंभ्याचं स्क्रिप्ट मी सोलापुरात, हॉस्पिटलच्या तिसऱ्या मजल्यावर आप्पांच्या पलंगाशेजारी बसून लिहिलं. आप्पा म्हणजे माझे वडील, वीरभद्रप्पा. वय बहात्तर, शुगर नऊ वर्षांपासून, उजवा पाय घोट्यापर्यंत काळा. उद्या सकाळपर्यंत गुडघ्याखालून काढला नाही, तर विष अंगभर जाईल आणि आप्पा वाचणार नाहीत, असं डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं. आप्पांनी त्यावर एकच शब्द उच्चारला होता, "ब्याड." नको म्हणजे नको. आमच्या घरात आप्पांचं कानडी निघालं की विषय संपतो.

मला काही वाटत नव्हतं. याची लाज वाटायला हवी होती, तीही वाटत नव्हती. मी चहा पीत होते, नर्सशी बोलत होते, पुण्याहून अजिंक्यचा मेसेज आला की उत्तर देत होते. अजिंक्य चॅनेलचा संपादक. 'शेवट पॉझिटिव्ह ठेवा' एवढंच त्याला सुचतं.

पायाचं झालं ते असं. जानेवारीत सिद्धेश्वरच्या यात्रेत आप्पा दरवर्षीप्रमाणे नंदीध्वजांमागे अनवाणी चालले. तरुणपणी ते बाराबंदी घालून स्वतः ध्वज पेलायचे. आता नुसते चालतात, पण अडुसष्ट लिंगांची प्रदक्षिणा पुरी करतात. वाटेत मी त्यांचा व्हिडिओ काढला. "आप्पा, खडे टोचत नाहीत का?" असं मी विचारलं. ते हसून म्हणाले, "काय बी कळत न्हाय बग. सिद्धरामाची कृपा." मी तो व्हिडिओ टाकला, खाली हात जोडले. अकरा हजार लोकांनी पाहिला. शुगरवाल्या माणसाला पायातलं काही कळत नाही, म्हणजे त्याच्या नसा मेल्यात, हे शाळेतली पोरंसुद्धा सांगतील. विज्ञान समजावून सांगणं हा माझा धंदा आणि मी हात जोडले. सहा दिवसांनी फरशीवर रक्ताचे ठिपके दिसले. टाचेत तारेचा तुकडा होता. आप्पांना पत्ता नव्हता.

"काय लिवायलीस?" आप्पांनी विचारलं.

"एका प्राण्यावर. त्याचा पाय तुटला की परत येतो."

"खरंच हाय तसा?"

"हा खोटा आहे. पण त्याच्यासारखा एक खरा आहे, मेक्सिकोतल्या तळ्यात. ॲक्सोलोटल म्हणतात."

"वाच की."

मी वाचलं. पाय तुटला की ॲक्सोलोटलच्या जखमेवर एका दिवसात पातळ कातडी चढते. आपल्यासारखा घट्ट व्रण धरत नाही. कातडीखाली पेशी जमून कोंब तयार होतो आणि त्या कोंबातून हाड, मांस, बोटं. तीन सेकंदांत नाही, दीड-दोन महिन्यांत, पण पाय जसाच्या तसा. मान वर केली तर आप्पा उशीवरून उठायला बघत होते. चार दिवसांत पहिल्यांदाच त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं होतं.

"मग माणसाला का न्हाय येत?"

तिथे थांबता आलं असतं. थोडं गोड बोलून ऑपरेशनच्या कागदावर सहीसुद्धा घेता आली असती. मी पुढचा परिच्छेद वाचला. त्या पायाकडे जाणारी नस आधीच तोडून ठेवली, तर ॲक्सोलोटललाही पाय फुटत नाही. थोटूक राहतं. नसेकडून सांगावा आल्याशिवाय तिथल्या पेशी कामाला लागत नाहीत.

आप्पांनी आपल्या काळ्या पायाकडे पाहिलं. मग म्हणाले, "माजी नस गेलीया न्हवं?"

"हो, आप्पा."

"कवापास्नं?"

"तीन-चार वर्षं झाली असतील."

"मंजी कृपा न्हवती ती."

"नव्हती. मला कळायला पाहिजे होतं. माझं कामच आहे ते."

"तुजं काम बेडकाचं हाय," आप्पा म्हणाले आणि भिंतीकडे वळले.

मी त्यांच्या पाठीला विचारलं, नको का म्हणताय म्हणून. भूल देणार आहेत, दुखणार नाही. कृत्रिम पाय बसतो, लोक सायकल चालवतात. ते वळले नाहीत. "येडी हायस," एवढंच म्हणाले. "आमाला पुरताना कसं बसिवतात?"

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. आमच्यात, लिंगायतांत, दहन नसतं. माणसाला मांडी घालून बसवतात आणि तसंच पुरतात. तीन वर्षांपूर्वी आईला, अंबुबाईला, तसंच बसवलं होतं. आप्पांनी स्वतः वाकून तिची मांडी नीट केली होती.

"एका पायानं मांडी कशी बसंल? तुजी आई नीट बसलीया. मी तिच्या शेजारी वाकडा जाऊ व्हय?"

डॉक्टर तीन दिवस रिपोर्ट दाखवत होते आणि इथे प्रश्न मांडीचा होता. मी म्हणाले, "पाय आईशेजारी पुरते. विभूती लावून, बेल ठेवून, सगळं रीतीनं. तुम्ही पुढे कधीतरी याल, तेव्हा तो तिथेच असेल. मांडी पुरी होईल."

"वचन दे."

मी हात दिला. त्यांनी तो दाबला आणि दुसऱ्या हाताने अंगठ्यासाठी शाईचा पॅड मागितला. सही येते की, असं मी म्हणाले. मग त्यांनी सही केली, पूर्ण नाव, वळणदार.

दुसऱ्या दिवशी ऑपरेशन झालं. दुपारी हॉस्पिटलने कागदावर सही घेऊन पाय माझ्या हाती दिला, पांढऱ्या कापडात, खोक्यात. खोकं मांडीवर घेऊन मी रिक्षात बसले. वजन होतं, एवढंच जाणवलं. स्मशानभूमीतल्या सिद्धप्पाने आईशेजारी हातभर खड्डा खणून ठेवला होता. मी विभूती लावली, बेल ठेवला, कापडाची घडी न बघताच आत सोडली. पाच मिनिटांत उरकलं. तिथेच बाकावर बसून अजिंक्यला स्क्रिप्ट पाठवलं. त्याने अंगठा पाठवला.

संध्याकाळी आप्पा शुद्धीवर आले होते. चेहरा आवळलेला.

"पुरलीस?"

"हो."

"चप्पल काडली व्हतीस का तितं?"

"काढली होती."

"मग वाकडा ठिवलीस काय गं? पाय लई दुखायलाय. तळव्याला खडा टोचायलाय, मोठा."

चादरीखाली जिथे पाय असायचा तिथे चादर सपाट होती. काढलेला अवयव दुखतो, हे मला माहीत आहे. मेंदूत त्याची जागा तशीच राहते. त्याला नाव आहे, कारण आहे, मी त्यावर दोन भाग लिहून देऊ शकते. चार वर्षं ज्या पायाला काही कळत नव्हतं, तार घुसलेलीसुद्धा कळली नाही, तो नसताना दुखत होता आणि आप्पा दात आवळून मला विचारत होते, मी नीट ठेवला का. मी नीट ठेवला नव्हता. मी बघितलंसुद्धा नव्हतं.

नर्सला दुखण्याचं इंजेक्शन द्यायला सांगितलं. "नीट करून येते, आप्पा," म्हणाले आणि पुन्हा रिक्षा केली. अजून उजेड होता. सिद्धप्पा हातपाय धूत होता.

"काय इसरलं का, ताई?"

"खडे राहिलेत आत."

त्याने माझ्याकडे पाहिलं आणि फावडं घेऊन आला. माती बाजूला झाली. कापड खरंच पीळ पडून एका कुशीवर गेलं होतं. मी ते सरळ केलं, तळवा आईकडे येईल असं. मग काठावर मांडी घातली. खालची खडी बोचत होती, खूप बोचत होती, आणि मला रडू फुटलं. रडत रडतच मी मातीतला एकेक खडा वेचून बाहेर टाकू लागले.