मोकळी फेक

पंच नत्थुजींनी शिट्टी फुंकली आणि आपल्याच तालमीच्या खेळाडूकडे बोट केलं. धक्का त्याने दिला होता. अमरावतीचं सगळं मैदान त्यांच्यावर ओरडू लागलं.

पगारी संघांना खुली असलेली वऱ्हाडातली ही पहिलीच बास्केटबॉल स्पर्धा. अंतिम सामन्यात दोन्हीकडे एकवीस गुण, वेळ संपलेली. आता अकोल्याच्या जिनिंग कंपनीच्या संघाला एक मोकळी फेक मिळणार होती. ती घ्यायला खुशालराव पुढे आला.

तेल्हाऱ्याचा हा गडी नत्थुजींच्याच हाताखाली तयार झालेला. दोन वर्षांपूर्वी त्याने खेळण्यासाठी कंपनीचा पगार घेतला, तेव्हा नत्थुजींनी तालमीच्या पटावरून त्याचं नाव खोडलं. तेव्हापासून दोघांत बोलणं नव्हतं. तरी पंच म्हणून दोन्ही संघांनी नत्थुजींनाच मागितलं होतं.

खुशालरावाने चेंडू उचलला. त्याचा उजवा खांदा ताठ झाला होता.

"खांदा सोड," नत्थुजी पुटपुटले.

खांदा सैल झाला. चेंडू कड्याला न शिवता जाळीतून खाली आला. अकोलेकरांनी टोप्या उडवल्या.

नत्थुजी तडक आयोजकांच्या टेबलाशी गेले.

"हा गुण धरू नका. पंच असून मी त्याले सांगितलं."

"कोनं ऐकलं?" कंपनीचे मॅनेजर ओमप्रकाश उसळले. मग वळून म्हणाले, "सांग रे खुशाल, तुले काही ऐकू आलं?"

खुशालरावाने नत्थुजींकडे पाहिलं. ते खाली मातीकडे बघत होते.

"आलं," तो म्हणाला. "खांदा सोड म्हणाले."

फेक पुन्हा घ्यायची ठरली. नत्थुजींनी शिट्टी दुसऱ्या पंचाच्या हाती दिली आणि ते बाजूला जाऊन उभे राहिले. या वेळी चेंडू कड्यावर आपटून बाहेर गेला. जादा वेळेत अकोला तीन गुणांनी हरलं.

"उद्यापासून येऊ नको," ओमप्रकाशांनी तिथेच सांगून टाकलं.

लोक पांगले. खुशालराव मैदानाच्या कडेला बसून पिशवी भरत होता. नत्थुजी त्याच्यासमोर येऊन उभे राहिले.

"नाई म्हटलं असतं तर कोन इचारत होतं तुले?"

"तुमी खोटे पडले असते, वस्ताद."

नत्थुजींनी धोतराचा सोगा उगाच झटकला. मग म्हणाले, "सकाळी घरून निघताना तुही काकू इचारत होती. खुशाल जेवाले येईन का म्हने."

"मंग? तुमी काय सांगितलं?"

"वांगे घेऊन ठेव म्हटलं."

खुशालराव वाकला आणि बांधलेली बुटाची नाडी पुन्हा बांधत बसला.