चिंचेने घासलेली तार

मी गिटारची सगळ्यात बारीक तार बोलतेय. पोलादाची आहे, पण पोलादाला पाणी सोसत नाही, माणसाचा घामही सोसत नाही. कारखान्यातून पाकिटात निघाले, लातूरच्या एका दुकानात टांगून राहिले आणि चाकूरच्या शिवांगीने मला घरी आणलं.

शिवांगी एसटीने लातूरला कॉलेजला जायची. संध्याकाळी परतली की हात धुऊन, कोरडे करून गिटार मांडीवर घ्यायची. वाजवून झालं की जुन्या सुती ओढणीचा तुकडा घेऊन आम्हा सहाजणींना पुसायची, वरून आणि खालूनही. घाम खालच्या अंगाला साचतो, गंज तिथूनच धरतो.

तिची आई सिंधु स्वयंपाकघरातून भज्यांचा हात पदराला पुसत यायची आणि माझ्यावर बोट फिरवायला बघायची.

"आई, आधी हात धू. तारा तळायच्या हायत का?"

"लई जपतीस बाई त्यांना. आईला एवढं जपलं असतंस तर!"

"तू गंजत न्हाईस ना."

भाद्रपदात शिवांगीला ताप आला. डेंग्यू निघाला. तिला लातूरच्या दवाखान्यात नेलं. तिथून ती जिवंत परत आली नाही.

त्या वर्षी घरात सण नव्हता. खंडेनवमीला विळा, शिलाई मशीन, मोटारसायकल, कशाचीच पूजा झाली नाही. सिंधुने फक्त गिटार पाटावर ठेवली. दरवर्षी तिची पूजा शिवांगीच करायची, तीही लाकडापुरती. सिंधुला ते ठाऊक नव्हतं. तिने ओल्या बोटाने प्रत्येक तारेला हळद-कुंकू लावलं, वर पाणी शिंपडलेला झेंडू ठेवला. दसरा झाला तरी तिला ती पूजा उचलवेना. फुलं आमच्यावरच सुकली.

उचलली तेव्हा माझ्यावर तांबूस डाग होते. सिंधु घाबरली. घरातली तांब्या-पितळेची भांडी ज्याने लखलखतात, तेच तिने केलं. चिंच भिजवली आणि आम्हाला घासलं. क्षणभर मी चमकले. तिला बरं वाटलं. चारदोन दिवसांत मी काळी पडले, अंगावर पुरळ उठल्यासारखी खरखरीत झाले.

मग ती गिटार चादरीत गुंडाळून लातूरला घेऊन गेली. वाद्यं दुरुस्त करणारे ताहेरभाई माझ्याकडे बघून हसले.

"ताई, ही तार हाय का घंगाळ? चिंचेनं कोण घासतंय?"

"माझ्या लेकीची हाय," सिंधु म्हणाली. "ती न्हाई आता."

ताहेरभाईंनी हातातला पाना खाली ठेवला. म्हणाले, "ह्या गेल्या, ताई. नव्या चढवून देतो."

"नको. ढिल्यासुद्धा करू नका. तिनं लावलेला सूर हाय ह्यांच्यात. तेवढा ऱ्हाऊ द्या."

गिटार नुसती ठेवली तरी तारा हळूहळू उतरतात. शिवांगीने लावलेला सूर केव्हाच निघून गेला होता. हे मला माहीत होतं, ताहेरभाईंनाही माहीत होतं. कोरड्या फडक्यावर मशीनच्या तेलाचा थेंब घेऊन त्यांनी आम्हाला पुसलं. आवाज होऊ नये म्हणून दुसरा तळवा आमच्यावर दाबून धरला होता.

"असंच पुसत जा," ते म्हणाले. "पाणी न्हाई, चिंच तर न्हाईच."

आता सिंधु रोज पुसते, तसाच तळवा दाबून. कधी शिवांगीचे वडील, विरूपाक्ष, दारातून विचारतात, "काय करायलीस?"

"पुसायले."

"वाजव की एकदा."

"न्हाई. सूर हलंल."

ते तिथेच उभे राहतात, मग निघून जातात.

माझ्या पोटातला गंज तेलाने थांबलेला नाही. खुंटीजवळ मी इतकी झिजले आहे की अशीच एखाद्या दुपारी, घरात ती एकटी असताना, फडक्याखाली तुटेन. तिला वाटेल, आपल्याच हातून लेकीचा सूर गेला. त्याची मला भीती वाटते.

म्हणून तुम्हाला विनंती आहे. चाकूरला त्या घरी कधी गेलात, तर सिंधुला सांगून मला एकदा छेडा. मी बेसूर वाजेन. बहुधा तुटेनही. लगेच उठू नका. तिच्याजवळ थोडा वेळ बसा.