सात घड्याळांची चूक

हिरवा ठिपका… टाचणीच्या डोक्याएवढा, पट्टा जरा सैल झाला की मनगटाच्या कातडीवर दिसणारा — तो लुकलुकतोय आणि ती त्याच्याकडे बघत उभी आहे, ट्रेडमिल थांबून दोन मिनिटं झाली तरी. दोन्ही हातांवर मिळून नाडी मोजणारी सात घड्याळं. कारखान्यात नवं मॉडेल तयार झालं की आधी तिच्या हातावर चढायचं. तिची नाडी प्रमाण धरायची आणि घड्याळं त्याबरहुकूम जुळवायची, हा तीन वर्षांचा रिवाज. पाची बोटं सारखी नसतात, तसं एरवी सातांचं कधी एकमत व्हायचं नाही. आज मात्र सातही घड्याळांनी एकाच क्षणी एक ठोका गाळला. चार मिनिटांत तीनदा.

काचेपलीकडचा इंजिनिअर डोकं खाजवत बाहेर आला.

"ताई, बसा जरा. सगळी एकाच माळेचे मणी निघाली बघा! सातही एकदम चुकतात, म्हणजे घोळ प्रोग्रॅममध्येच आहे."

"आणि घड्याळं बरोबर असली तर?" तिने सहज विचारल्यासारखं विचारलं.

"मग तुम्हीच चुकताय म्हणायचं!" तो मोठ्यांदा हसला आणि आत गेला. हुशार पोरगा. सात यंत्रांवर संशय घेतला त्याने, पण तिच्यावर… छे.

सांगावं का, की तिन्ही वेळा ठोका तिच्या छातीतच चुकला होता? सांगितलं की उद्यापासून दुसऱ्या कुणाचे तरी हात; चाळिशी उलटलेल्या बाईला नुसतं चालायचा पगार आणखी कोण देणार होतं? आणि नाही सांगितलं तर — आई जिन्यात मधेच थांबायची, कठड्याला धरून. "काही नाही गं, दम घेते." झाकली मूठ सव्वा लाखाची, असंही वर म्हणायची. एका सकाळी कपडे वाळत घालताना गेली, तेव्हा सगळे म्हणाले, अचानक गेल्या. अचानक कसल्या… दोन वर्षं जात होती ती, जिन्यात, सगळ्यांसमोर.

"झालं!" आतून आवाज आला. "गाळलेला ठोका आता घड्याळच भरून काढेल. चाला बघू पुन्हा."

ती चालू लागली. तिसऱ्या मिनिटाला छातीत पुन्हा ते झालं, लिफ्ट थांबताना पोटात होतं तसं. पडद्यावर मात्र ठोके ओळीने, एकसारखे, शहाण्यासारखे. हीच घड्याळं आता दुकानांत जाणार, अनोळखी मनगटांवर चढणार आणि सगळ्यांना असंच ठीक म्हणणार… काचेमागून त्याने अंगठा वर केला. तिला हायसं वाटलं, अगदी मनापासून — आणि मग छातीतल्या त्या ठोक्यापेक्षाही, आपल्याला हायसं वाटलं, याचीच तिला भीती वाटू लागली.