मत नसलेले वाचक

दुबईत अल कुसैसमध्ये मराठी मंडळाच्या जागेत मागे एक खोली होती. तिथे विभावरी अकरा वर्षं वाचनालय चालवत होती, तेही बिनपगारी. लोक सुट्टीवरून परतताना बॅगेतून पुस्तकं आणत, त्यांतूनच कपाटं भरली होती.

मार्चमध्ये मंडळाच्या ग्रुपवर नोटीस पडली. वाचनालयाचं बजेट बंद, खोलीत रील्स आणि पॉडकास्टसाठी स्टुडिओ. रविवारी सभेत ठराव.

विभावरीने नोंदवही काढली. वर्षभरात सभासदांनी नेलेली पुस्तकं नऊ. बाकी जवळजवळ सगळी वही एकाच नावाने भरलेली होती, भिकाजी तांबे. हा दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कच्या कामगार कॅम्पमध्ये राहणारा, बांधकामावर स्लॅबच्या शटरिंगचा सुतार. शाळा सातवीत सुटलेली. रविवारी दोन बस बदलून यायचा आणि रूमवरच्या सगळ्यांसाठी पिशवी भरून न्यायचा.

तिने त्याला फोन केला. "भिकाजीदादा, सगळ्यांना घेऊन सभेला या. तुम्ही सांगितलंत तर ऐकतील."

आठ जण आले, इस्त्रीचे शर्ट घालून. वाचनालय बंद होणार म्हणून जवळची पुस्तकंही जमा करायला आणली होती. भिकाजी बोलायला उभा राहिला.

"ड्युटीवरून आलो की आमच्यातला एक जण मोठ्यानं वाचतो, बाकीचे ऐकतात. दोघांना तर वाचता येत नव्हतं, ते आता वाचतात. ही खोली बंद करू नका साहेब. एवढंच."

टाळ्या पडल्या. मग अध्यक्ष सुजीत म्हणाला, "फार टचिंग बोललात. पण व्होटिंग फक्त पेड मेंबर्सचं. रूल आहे."

ठरावाच्या बाजूने एकेचाळीस हात वर गेले. त्यात एक दत्तप्रसादचा होता, विभावरीच्या नवऱ्याचा. त्याने तिच्याकडे पाहिलं नाही.

"स्टुडिओवाले उद्या येतायत," सुजीत त्या आठ जणांना म्हणाला. "तुम्ही आलाच आहात, तर कपाटं बाहेर काढता का? यल्ला, चला, पाच मिनिटांचं काम."

"ते पाहुणे आहेत, हमाल नाहीत!" विभावरी ओरडली.

भिकाजीने बाह्या दुमडल्या. "राहू द्या ताई. दुसरे आले तर फेकतील."

त्यांनी एकेक गठ्ठा दोरीने बांधला. पुस्तकं कॅम्पला तरी द्या, असं तिने सुजीतला सांगून पाहिलं. "मंडळाची प्रॉपर्टी आहे. पुढच्या मीटिंगला घेऊ, इन्शाल्ला," तो म्हणाला. गठ्ठे रास अल खोरच्या एका पत्र्याच्या गोदामात गेले.

त्यानंतर दोन मीटिंग झाल्या. विषय कुणी काढला नाही. "प्रॅक्टिकल हो जरा," दत्तप्रसाद घरी म्हणाला. त्या दिवसापासून ती त्याच्याशी कामापुरतंच बोलू लागली.

जुलैमध्ये ती एकटीच गोदामात गेली. उकाड्याने बांधणीचा डिंक सुटला होता, हात लावला की पानं निखळत होती. तिथूनच तिने भिकाजीला फोन करून सांगितलं.

तो म्हणाला, "त्या दिवशी परत दिलेल्यातलं एक अर्धंच झालं होतं ताई. रूमवर रोज विचारतात, पुढं काय झालं. मी आपलं मनानं रचून सांगतो. तुम्हाला ठाऊक असेल ना शेवट?"

त्याने पुस्तकाचं नाव सांगितलं. विभावरीने त्यावर नंबर घातला होता, कव्हर चढवलं होतं. वाचलं मात्र कधीच नव्हतं.