तळ्यातले बांगडे

बांगडा समुद्रात राहतो, तळ्यात नाही, हे शाळेतलं शेंबडं पोरही सांगेल. पण त्या उन्हाळ्यात दर रविवारी तिचा नवरा गावाबाहेरच्या गोड्या पाण्याच्या तळ्यावरून पिशवीभर बांगडे घेऊन येत होता, आणि तिच्या सासरची झाडून सगळी माणसं ते बोटं चाटत खात होती.

मासे अर्थातच ती आणायची. शनिवारी कामावरून सुटली की बाजाराच्या मागच्या दाराने शिरायचं, मासेवालीकडून घ्यायचे, घरी येऊन साफ करायचे आणि फ्रिजमध्ये लपवायचे. रविवारी नवरा गळ खांद्यावर टाकून मागच्या गल्लीतून आला की त्याची रिकामी पिशवी स्वयंपाकघरात भरायची. मग स्वारी छाती काढून अंगणात जायला मोकळी.

लग्नाला अजून वर्षही झालं नव्हतं. घर भाड्याचं होतं, पण मागे अंगण होतं, आणि तेच नडलं. सासऱ्यांच्या घरात पाय पसरायलाही जागा नव्हती, त्यामुळे ऊन तापायला लागताच त्या मंडळींनी परस्पर ठरवून टाकलं की रविवारची जेवणं धाकट्याच्या अंगणात होणार. धाकट्याला कुणी विचारलं नाही. त्याच्या बायकोला विचारण्याचा तर प्रश्नच नव्हता.

धाकटा कपड्यांच्या दुकानात विक्रेता होता. आखूड बाह्यांचा शर्ट ‘तुमच्याच मापाचा आहे साहेब’ म्हणत गिऱ्हाइकाच्या गळ्यात मारण्यात त्याचा हातखंडा होता. घरात मात्र त्याची किंमत शून्य. सासरे जन्मभर क्रेन चालवून निवृत्त झालेले. थोरला कर्तबगार आणि धाकटा नुसता तोंडाळ, हा निकाल त्यांनी फार पूर्वीच देऊन टाकला होता. म्हणून पहिल्याच जेवणात याने जाहीर केलं, की पुढच्या रविवारी मासे माझ्याकडून, स्वतः पकडलेले. मग गळ आला, टोपी आली, सतरा खिशांचं जाकीटही आलं. एवढा सगळा साज करून तो तळ्यावर गेला आणि नाक भाजून हात हलवत परत आला.

“बाबा आता सगळ्यांसमोर माझी सालं काढतील,” तो ओट्याला टेकून म्हणाला. त्याचा चेहरा इतका पडला होता की तिला दया आली. नसती आली तर बरं झालं असतं. ती तशीच बाजारात पळाली. दुपार होत आलेली, मासेवालीकडे फक्त बांगडे उरलेले.

ते ताटात वाढताना ती सासऱ्यांच्या तोंडाकडे बघत होती. पण सासऱ्यांनी पहिला घास घेतला, डोळे मिटले आणि म्हणाले, “वा! तळ्यातल्या माशाची चवच न्यारी. बाजारातला म्हणजे नुसता पुठ्ठा.”

“ओढताना हिसका नाही द्यायचा, दोरी तुटते,” थोरल्या दिराने ज्ञान पाजळलं. त्याने आयुष्यात गळाला हात लावला नव्हता.

तिने तोंडात पदर कोंबून हसू दाबलं. काय पण ही माणसं! काडीची अक्कल नाही आणि ऐट सरदाराची. त्या दिवसापासून ती दर रविवारी त्यांच्याकडे अशी बघायची, जशी एखादी मास्तरीण ढ वर्गाकडे बघते. नवऱ्याच्या गोष्टींतला मासा दर आठवड्याला वाढत होता, आणि ढ वर्ग माना डोलवत होता.

तिचं स्वतःचं काम वेगळंच चाललं होतं. ती एका कारखान्यात कवळ्या बनवायची. दिवसभर मेणात दात बसवायचे, घासायचे, चकाकी आणायची. कवळी नीट बसली की घालणारा ते आपलेच दात म्हणून मिरवतो. बनवणारीचं नाव कुणाला ठाऊक नसतं. त्याचं तिला काही वाटायचं नाही. पण अंगण तिचं होतं. तिथल्या फुटक्या फरशा तिने एकटीने उचकटल्या होत्या, माती चाळली होती, खिडकीत बियांपासून टोमॅटोची रोपं वाढवली होती. सकाळी कामावर जाण्याआधी ती पानांखालच्या गोगलगायी वेचायची. आता झाडं टोमॅटोंनी लगडली होती. या घरातल्या कुणीतरी एकदा म्हणावं, ‘हे तू पिकवलंस हो,’ एवढंच तिला हवं होतं. असल्या माणसांकडून शाबासकी हवी वाटावी याची तिला लाज वाटायची, पण हवी होती खरी.

ती काही मिळत नव्हती. सासूबाई तिची मातीने भरलेली नखं बघून नाक मुरडायच्या. जाऊबाई टोमॅटोची फोड उचलून म्हणायच्या, “हल्ली बाजारात बरे येतात, नाही?”

“या रविवारी मी सांगतो सगळ्यांना,” नवरा दर शनिवारी वचन द्यायचा. रविवारी मासा बोलायला लागला की वचन राहून जायचं.

उन्हाळा सरत आला. त्यातल्या शेवटच्या जेवणाला जाऊबाईंनी मध्येच हात थांबवला आणि गोड आवाजात विचारलं, “काल बाजारात दिसलीस गं. मागच्या दाराने, भलीमोठी पिशवी घेऊन. काय एवढं आणलंस?”

तिला वाटलं, बरं झालं, फुटू दे एकदाचं बिंग. तिने नवऱ्याकडे पाहिलं. त्याने घास गिळला आणि दुकानातलं ते हसू काढलं.

“टोमॅटो आणायला जाते ती, वहिनी! या वाफ्यांत काय पिकणार? चार लटकलेत शोभेला. बाकी सगळा बाजारचा माल.”

“तरी मी म्हणतच होते,” जाऊबाई म्हणाल्या, आणि सगळे खो खो हसले. नवराही हसला. ती रिकामी भांडी उचलून आत गेली, कारण तिथे बसली असती तर एखादं त्याच्या डोक्यात घातलं असतं.

सासूबाई मागोमाग आल्या. “मनावर घेऊ नकोस. मोठीच्या जिभेला हाड नाही. टोमॅटो तुझेच आहेत, आम्हाला काय कळत नाही?”

“मग एकदाही बोलला का नाहीत?”

“आणि बांगडे तळ्यात नसतात, तेही कळतं हो आम्हाला. पहिल्याच दिवशी कळलं. यांनीच सगळ्यांना बजावलं, कुणी चकार शब्द काढायचा नाही. जन्मात पहिल्यांदा पोराला उभारी आली होती.”

“आणि मी?”

“तुला काय गं? तुला सगळं येतंच,” सासूबाई अगदी मायेने म्हणाल्या. “तुला कुणी कशाला सांगायला हवं?”

उन्हाळाभर ज्याला ढ वर्ग समजून ती मनातल्या मनात हसत होती, तो सगळा शहाणा होता. घरच्या लाडक्या लेकाचे लाड चालले होते, आणि त्या लाडांसाठी मासे आणायला, खवले काढायला, तळायला एक फुकटची बाई मिळाली होती. ढ एकटी तीच. तिने हातातली भांडी ओट्यावर आदळली. बाहेर नवरा दोरी तोडून पळालेल्या एका माशाची गोष्ट रंगवत होता.

ती हात पुसत बाहेर आली. “पुरे आता. यांना माहीत आहे.”

“काय माहीत आहे?” नवऱ्याने विचारलं.

“बांगडे मी आणते ते. पहिल्या रविवारपासून माहीत आहे सगळ्यांना.”

कशाबद्दल बोलतेस, असं बाकीच्यांपैकी एकानेही विचारलं नाही. दीर ताटात काटे शोधू लागला. जाऊबाईंना एकदम पाण्याच्या तांब्याची काळजी पडली. नवऱ्याने बापाकडे पाहिलं. क्रेनच्या खडखडाटावर आवाज चढवत आयुष्य काढलेला तो माणूस अगदी हळू म्हणाला, “जेव बाळा. गार होतंय.”

त्या ‘बाळा’ने जे व्हायचं ते झालं. माशाची लांबी दाखवायला पसरलेले नवऱ्याचे हात तसेच हवेत राहिले होते. ते त्याने खाली घेतले आणि कुठे ठेवावेत हे न कळून मांडीखाली घातले. तिला पुन्हा दया येऊ लागली, पण या वेळी तिने ती गिळून टाकली.

“काय मिळवलंस गं एवढं बोलून?” दारातून सासूबाई कडाडल्या.

“टोमॅटो,” ती म्हणाली, आणि जाऊबाईंच्या पुढ्यातली फोडींची बशी उचलून तिने आपल्यासमोर ठेवली.